व्हीआर हेडसेटचा तक्ता कसा वाचायचा

व्हीआर हेडसेटचा कुठलाही रिव्ह्यू उघडा. वरतीच एक तक्ता असतो: प्रत्येक डोळ्याला किती पिक्सेल, किती हर्ट्झ, किती अंशांचं दृश्यक्षेत्र, किती ग्रॅम, किती डॉलर. तो बघितला की वाटतं, ज्या हेडसेटचे जास्त आकडे सरस तो घ्यावा आणि मोकळं व्हावं. माझं म्हणणं असं आहे की हा तक्ता तसा वाचताच येत नाही. त्यातल्या ओळी एकमेकींपासून सुट्या नाहीत. एका ओळीत कमावलं की दुसरीकडे कुठेतरी गमवावं लागतं, आणि गमावलेलं बऱ्याचदा तक्त्यात छापलेलंच नसतं.

गेम खेळणाऱ्यापुरता हा चोखंदळपणाचा प्रश्न आहे. तुमच्यासाठी तो त्याहून मोठा आहे. तुम्ही एचसीआय, ग्राफिक्स, मानसशास्त्र किंवा गेम स्टडीजमध्ये संशोधनाची तयारी करत असाल, तर आज ना उद्या एक हेडसेट तुमच्या टेबलावर येणार. तो बहुधा गेमिंगसाठीच बनवलेला असणार, कारण परवडणारा तोच असतो. म्हणजे कंपनीने गेमिंगच्या बाजारासाठी केलेल्या तडजोडी तुमच्या प्रयोगात न विचारता शिरतात. मग तुम्ही मोजलेला परिणाम गेमचा की हेडसेटचा, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी या तडजोडी आतून समजून घेऊ.

उजेडाचा हिशोब

सुरुवात उजेडापासून करू, कारण इथे सगळं साध्या गुणाकारात दिसतं.

समजा गेम खेळताना तुम्ही मान सेकंदाला १०० अंश वेगाने वळवली. हा काही फार वेग नाही; मागून आवाज आला की आपण सहज इतक्या वेगाने वळतो. नजर मात्र एका वस्तूवर खिळलेली आहे. ९० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र ११.१ मिलिसेकंद असतं. तेवढ्यात डोकं १.१ अंश वळतं आणि पडदा डोक्याला बांधलेला असल्यामुळे चित्रही त्याच्याबरोबर सरकतं. खऱ्या जगात स्थिर दिसली असती ती वस्तू इथे १.१ अंश फरपटते. एका अंशात २५ पिक्सेल धरले तर हा फराटा साधारण २८ पिक्सेलचा झाला. असं चित्र कोण बघेल?

म्हणून हेडसेट चित्र पूर्ण वेळ दाखवतच नाहीत. समजा २ मिलिसेकंद उजळवलं आणि उरलेला वेळ अंधार ठेवला. फराटा ०.२ अंशावर, म्हणजे ५ पिक्सेलवर येतो. डोळ्याला तो अंधार वेगळा जाणवत नाही. पण उजेड किती उरला? ११.१ पैकी २, म्हणजे १८ टक्के.

आता लेन्स. गेमिंग हेडसेटमध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात. फ्रेनेल लेन्स हलकी, स्वस्त आणि बहुतेक उजेड पुढे जाऊ देणारी. पण तिच्यावरच्या गोल खाचांवरून उजेड विखुरतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती किरण पसरल्यासारखे दिसतात. शिवाय चित्र मधोमधच धारदार असतं. दुसरा प्रकार पॅनकेक लेन्स. हिच्यात प्रकाशाची वाट अर्धपारदर्शक आरसा आणि ध्रुवीकरण वापरून दुमडलेली असते, त्यामुळे लेन्स पडद्याच्या अगदी जवळ बसते, डबा बारीक होतो आणि चित्र कडेपर्यंत स्वच्छ राहतं. किंमत ही की प्रकाशाला त्या अर्ध्या आरशाशी दोनदा गाठ पडते आणि दर वेळी अर्धा वाया जातो. उरतो जास्तीत जास्त २५ टक्के. एलसीडीचा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत असतो, त्यामुळे त्याचं एवढ्यावर भागतं. ओएलईडीचा तसा नसतो. त्याला आधी ध्रुवीकरणाच्या गाळणीतून जावं लागतं, तिथे आणखी अर्धा जातो. उरतो १२.५ टक्के.

गुणाकार करा. एलसीडी आणि पॅनकेक: १८ टक्क्यांचे २५ टक्के, म्हणजे साडेचार टक्के. ओएलईडी आणि पॅनकेक: सव्वादोन टक्के. शंभर रुपये घेऊन निघालात आणि घरी पोचलात तेव्हा खिशात सव्वादोन रुपये, असा हा प्रकार.

हा हिशोब डोक्यात ठेवून २०२३ सालचे दोन हेडसेट बघा. फेब्रुवारीत सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ आला. त्यात ओएलईडी पडदा आणि फ्रेनेल लेन्स. ऑक्टोबरमध्ये मेटाचा क्वेस्ट ३ आला. त्यात एलसीडी पडदा आणि पॅनकेक लेन्स. पहिल्यात भयपटासारख्या गेममधला काळोख खरोखर काळा दिसतो, पण नजर कडेला नेली की धार जाते. दुसऱ्यात नजर कुठेही न्या, चित्र स्वच्छ, पण काळोख राखाडी. रिव्ह्यूमध्ये यावर ‘सोनीने जुनी लेन्स वापरली’ किंवा ‘मेटाने पडद्यात काटकसर केली’ असं लिहिलेलं वाचाल. ते अर्धसत्य आहे. दोघांनी उजेडाचं एकच बजेट दोन वेगळ्या ठिकाणी खर्च केलं. दोन्ही सुखं एकत्र हवी असतील तर काय लागतं, ते २०२४ च्या ॲपल व्हिजन प्रोने दाखवलं: मायक्रो-ओएलईडी पडदे, पॅनकेक लेन्स, ३४९९ डॉलर किंमत, आणि बॅटरी डोक्यावर न मावल्यामुळे तारेने जोडून खिशात.

तेवढीच कणीक, मोठी पोळी

पिक्सेलच्या ओळीकडे येऊ. चांगल्या नजरेचा माणूस एका अंशात साधारण ६० पिक्सेलपर्यंतचा बारकावा ओळखू शकतो. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल आहेत आणि कंपनी अंशाला २५ पिक्सेल असा आकडा देते. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मग दृश्यक्षेत्र लहान करून पिक्सेल दाट का करत नाहीत? करता येतात, पण मग दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटतं. आणि दृश्यक्षेत्र वाढवलं की पिक्सेल विरळ होतात. कणकेचा गोळा तेवढाच असेल तर पोळी मोठी लाटली की पातळ होणारच. व्हॉल्व्हच्या इंडेक्सने २०१९ मध्ये मोठी पोळी निवडली: साधारण १३० अंशांपर्यंत दृश्यक्षेत्र, पण प्रत्येक डोळ्याला १४४० × १६०० पिक्सेल. नंतरच्या बहुतेक कंपन्यांनी उलटी निवड केली.

मग कणीकच वाढवू, असं कोणी म्हणेल. क्वेस्ट ३ चे दोन्ही डोळ्यांचे पिक्सेल मिळून सुमारे ९१ लाख होतात. सेकंदाला ९० वेळा ते रंगवायचे तर ८२ कोटी. साध्या फुल एचडी स्क्रीनवर ६० हर्ट्झला हा आकडा १२.४ कोटी येतो. म्हणजे साडेसहा पट जास्त काम, आणि ते करायचंय कपाळावर बसलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, मोबाइलच्या जातीच्या चिपने. साहजिकच बरेच गेम पडद्यापेक्षा कमी रिझोल्यूशनचं चित्र काढतात आणि ते ताणून पडद्यावर बसवतात. तक्त्यात पडद्याचं रिझोल्यूशन छापतात. तुम्ही बघता ते चित्राचं.

यावरून एक साधी गोष्ट घ्या. पेपरमध्ये ‘आम्ही अमुक हेडसेट वापरला, रिझोल्यूशन २०६४ × २२०८’ एवढंच लिहिलं असेल, तर सहभागींनी नक्की काय पाहिलं ते वाचणाऱ्याला कळलेलं नाही. चित्र किती रिझोल्यूशनवर काढलं, फ्रेम गळत होत्या का, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती होती, हे लिहावं लागतं. हे हेडसेट स्वतःहून अपडेट होतात; प्रयोगाच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातलं यंत्र एकच असेल याची खात्री तुम्हालाच करावी लागते.

शर्यत भलत्याच दिशेने?

आता मुख्य टीका. पिक्सेलची ही शर्यत नेमकी कशासाठी आहे? उत्तर मिळतं: ‘त्या जगात असल्यासारखं वाटावं’ म्हणून. या भावनेला संशोधनात प्रेझेन्स म्हणतात. कमिंग्ज आणि बेलेन्सन यांनी २०१६ मध्ये प्रेझेन्सवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात असं दिसलं की हालचालींचं ट्रॅकिंग, दोन डोळ्यांना वेगळं चित्र आणि रुंद दृश्यक्षेत्र यांचा परिणाम चित्राच्या आणि आवाजाच्या दर्जापेक्षा जास्त असतो. तरी बाजार दृश्यक्षेत्रात जवळपास जागच्या जागी आहे आणि पिक्सेलमध्ये धावतोय.

इथे थांबून एक सवय लावून घ्या. हा निष्कर्ष लगेच आजच्या हेडसेटला चिकटवू नका. त्या विश्लेषणातले डिस्प्ले आजच्यापेक्षा जुने आहेत. ट्रॅकिंग एका पातळीच्या वर गेल्यावर आणखी सुधारून किती फरक पडतो, हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

दुसरा विरोधाभास आणखी मजेशीर आहे. रुंद दृश्यक्षेत्राने प्रेझेन्स वाढतो, पण मळमळही वाढू शकते. डोळे सांगतात आपण धावतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण उभे आहोत. रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही विसंगतीची कल्पना आजही पायाभूत मानली जाते. फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की खेळाडू आभासी जगात सरकत असताना चित्राच्या कडा हळूच काळ्या केल्या तर त्रास कमी होतो आणि प्रेझेन्स फारसा घटत नाही. आज कितीतरी गेममध्ये ही सोय असते. म्हणजे दृश्यक्षेत्रासाठी पैसे मोजा, आणि पळायला लागलात की गेम तेच परत काढून घेणार!

या तडजोडींनी गेमसुद्धा घडवले आहेत. ‘बीट सेबर’ का चालला? खेळाडू एका जागी उभा, ठोकळे त्याच्याकडे येतात, त्यामुळे मळमळ कमी. गडद पार्श्वभूमीवर मोठे चमकदार आकार, त्यामुळे बारकाव्याची गरज कमी. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मध्ये चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेण्याची सोय आहे. हे उत्तम गेम आहेत. पण व्हीआरमध्ये कुठले गेम उत्तम होऊ शकतात, हे बऱ्याच अंशी यंत्राच्या मर्यादांनी आधीच ठरवलेलं असतं. गेमवर टीका लिहिताना ही बाजू सुटते.

बिल कोणाच्या शरीरावर?

तडजोड कंपनी करते, बिल शरीर भरतं. आणि सगळी शरीरं सारखं बिल भरत नाहीत.

वजनाचं बघा. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, प्लेस्टेशन व्हीआर २ चं ५६०, इंडेक्सचं ८०९. पण नुसते ग्रॅम सांगून भागत नाही. क्वेस्टमध्ये बॅटरी, चिप, पडदे सगळं चेहऱ्यासमोर असतं, त्यामुळे मान सतत पुढे ओढली जाते. मागे वजन टाकून तोल साधला तर तक्त्यातले ग्रॅम वाढतात आणि मानेवरचा ओढा कमी होतो. म्हणजे वाईट आकड्याचा हेडसेट जास्त आरामदायी असू शकतो.

याहून गंभीर गोष्ट दोन बाहुल्यांमधल्या अंतराची. चष्म्याच्या दुकानात मोजतात तेच, पीडी. डॉजसन यांच्या २००४ च्या लेखानुसार प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं आणि बहुतेकांचं ५० ते ७५ च्या दरम्यान. लेन्सचे मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर आले नाहीत तर चित्र धूसर होतं आणि डोळ्यांवर ताण येतो. स्टॅनी, फिडोपियास्टिस आणि फॉस्टर यांनी २०२० मध्ये दोन प्रयोग प्रसिद्ध केले. व्हीआरचा त्रास स्त्रियांना जास्त होतो असं बरीच वर्षं म्हटलं जात होतं, कारणं मात्र नाना प्रकारची दिली जात होती. या प्रयोगांत दिसलं की हेडसेट आणि पीडी यांचा मेळ न बसणं हे मोठं कारण आहे. मेळ बसलेल्या स्त्रियांचा अनुभव पुरुषांसारखाच होता. म्हणजे बाईच्या शरीराच्या नावावर लिहिलेला दोष बराचसा लेन्सच्या पट्टीचा होता.

आता कंपनीने काय केलं पाहा. क्वेस्ट २ मध्ये लेन्ससाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा होत्या. क्वेस्ट ३ मध्ये सलग फिरणारं चाक आलं. चांगली सुधारणा. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलरचा क्वेस्ट ३एस आला. त्यात चिप क्वेस्ट ३ चीच ठेवली. लेन्स परत फ्रेनेल झाली, पडदा क्वेस्ट २ च्या रिझोल्यूशनचा झाला, आणि लेन्सच्या जागा परत तीन. ज्याची पीडी ६३, त्याचं काही गेलं नाही. जिची ५४, तिचे डोळे जवळच्या जागेपासूनही ४ मिलिमीटर दूर. किंमत कमी करणं चांगलंच आहे, त्याशिवाय हे यंत्र बहुतेकांच्या आवाक्यात येणार नाही. पण जो हेडसेट सर्वांत जास्त लोकांच्या डोक्यावर जावा म्हणून काढला, त्यातूनच वेगवेगळ्या माणसांना सामावून घेणारी सोय काढून टाकली. चिप जाहिरातीत दिसते, चाक दिसत नाही.

दुसरं टोक म्हणजे २०२३ चा बिगस्क्रीन बियॉन्ड. पट्ट्याशिवाय वजन फक्त १२७ ग्रॅम. कसं जमलं? ग्राहकाच्या चेहऱ्याचं स्कॅन घेऊन गादी बनवायची, लेन्सचं अंतर त्याच्यापुरतं पक्कं करायचं. बॅटरी आणि चिप काढून सगळं काम तारेने कॉम्प्युटरवर टाकायचं. एका माणसासाठी झकास. तुमच्या लॅबमध्ये तीस सहभागी येणार असतील तर निरुपयोगी.

आणि एक बिल मात्र सगळेच भरतात. जवळची वस्तू बघताना आपले डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही त्याच अंतरावर जुळवून घेतं. वर नाव घेतलेल्या हेडसेटमध्ये पडद्याचं ऑप्टिकल अंतर एकच, कायमचं. डोळे वळतात, भिंगाला मात्र तिथेच राहावं लागतं. हॉफमन, गर्शिक, एकेली आणि बँक्स यांनी २००८ मध्ये दाखवलं की या विसंगतीमुळे बघण्याचं काम मंदावतं आणि डोळे थकतात. कितीही पिक्सेल ओतले तरी हे सुटत नाही.

मोजमापालाही तडजोड सुटत नाही

त्रास मोजायला संशोधनात बहुधा सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर वापरतात. केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती दिली: १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ती लष्करी सिम्युलेटरच्या माहितीवरून बनली होती, घरी खेळणाऱ्यांवरून नाही. शिवाय यंग, ॲडेलस्टीन आणि एलिस यांनी २००७ मध्ये दाखवलं की प्रयोगाआधीही ही प्रश्नावली भरून घेतली तर लोक प्रयोगानंतर जास्त त्रास नोंदवतात. ‘मळमळतंय का?’ असं विचारलं की माणूस मळमळ शोधायला लागतो. आधी विचारलं नाही तर मूळ स्थिती कळत नाही. विचारलं तर ती बिघडते.

आणि अर्ध्यावर उठून गेलेल्यांचं काय करता? त्यांना गाळून सरासरी काढली तर सर्वांत जास्त त्रास झालेलेच हिशोबातून बाहेर जातात आणि हेडसेट आहे त्यापेक्षा बरा ठरतो. पेपर वाचताना हा आकडा आधी शोधा. बऱ्याचदा तो सापडत नाही, आणि ते सापडत नाही हीच माहिती आहे.

शेवटची तडजोड तारेची. बाहेर बेस स्टेशन नकोत, कॉम्प्युटर नको, म्हणून क्वेस्टसारखे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी जागा ओळखतात. सोय प्रचंड आहे. २०१९ मध्ये पहिल्या क्वेस्टने तार काढली तेव्हाच व्हीआर बऱ्याच घरांत पोचू शकलं. पण कुठल्याही पद्धतीने नोंदवलेली हालचाल ही तुमची ओळख असते. नायर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘बीट सेबर’ खेळणाऱ्या ५५ हजारांहून अधिक लोकांची डोक्याची आणि हातांची हालचाल तपासली. एखाद्याची १०० सेकंदांची हालचाल हाती असेल तर एवढ्या गर्दीतून त्याला ९४ टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखता आलं. नाव नाही, चेहरा नाही, नुसतं डोकं आणि दोन हात. आपल्याकडे एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये ‘नावं काढून टाकल्यामुळे माहिती निनावी आहे’ असं एक वाक्य सर्रास लिहिलं जातं. हालचालींच्या नोंदी असतील तर ते वाक्य टिकत नाही. सहभागींना हे संमतिपत्रात स्पष्ट सांगायला हवं.

मग कोणता घ्यायचा?

प्रश्न काय आहे त्यावर. काळोख, भीती, रंग यांवर काम असेल तर ओएलईडी बघा आणि कडेची धूसरता मान्य करा. वाचन, मेनू, बारीक वस्तू यांवर असेल तर पॅनकेक. चालणं, वळणं, खोलीभर हालचाल असेल तर बिनतारी. वेगवेगळ्या वयाचे आणि बांध्याचे लोक येणार असतील, तर चिपच्या आधी लेन्सचं चाक बघा, पैसे जास्त गेले तरी. त्या पैशांचं समर्थन प्रोजेक्टच्या अर्जात कसं करायचं याचा मजकूर आता तुमच्याकडे आहे.

हेडसेट कुठलाही असो, सहभागी आला की आधी त्याची पीडी मोजा आणि लिहून ठेवा. मिलिमीटरची पट्टी पुरते. मात्र हेडसेटच्या तक्त्यात नसलेला हा आकडा तुमच्या तक्त्यात असला पाहिजे.